टेरेसला ब्लाइंड लावायचेत: ऊन, पाऊस आणि सोसायटी, तिघांनाही चालतील असे कोणते?

कोलशेतकर, १३ एप्रिल, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. ठाण्यात कोलशेतला अकराव्या मजल्यावर राहतो. हॉलला लागून बारा बाय नऊची टेरेस आहे, डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब. पश्चिमेला बारा फूट सगळं मोकळं, लांबवर येऊरचे डोंगर दिसतात. उत्तरेला आणखी सहा फुटांचं उघडं तोंड. दक्षिणेला भिंत. फ्लॅट घेतला तो या टेरेसपायीच, आणि वर्षातले आठ महिने तिथे पाऊल ठेवता येत नाही. आत्ता दुपारी तीनपासून सूर्य डोंगराआड जाईपर्यंत टाइल्सवर अनवाणी उभं राहवत नाही. जूनपासून पावसाची झोड थेट हॉलच्या सरकत्या दारापर्यंत. आईचा झोपाळा तिथेच टांगलाय, ती डिसेंबर-जानेवारीत काय ते चार झोके घेते.

तीन जणांकडून कोटेशन आणलं. एक बांबूच्या चिकेचं, दुसरं दोरीने गुंडाळायच्या पीव्हीसी पडद्याचं, तिसरं झिप ट्रॅकचं, ज्यात कापडाच्या कडा बाजूच्या खाचेत धावतात. बांबूला रुपया धरला तर पीव्हीसी दोन आणि झिप साडेसहा. तिघंही छातीठोक सांगतात, आमचं ऊन-पाऊस दोन्ही अडवतं. बायको म्हणते पांढरट रंग घे, उन्हाला बरा. कोणी लावलंय का? अनुभव, फोटो, शिव्या, सगळं चालेल.

गच्चीवाली, १३ एप्रिल, सकाळी १०:५५

बांबूचं माझ्याकडून ऐका. नौपाड्यात दुसरा मजला, पूर्वेची गॅलरी. पहिल्या पावसाळ्यात काळे ठिपके आले, ते मी व्हिनेगरने पुसत बसले. दुसऱ्या वर्षी भुंगा लागला. रोज सकाळी फरशीवर पिवळ्या भुकटीची बारीक रेघ, जणू कोणी रांगोळी घालून गेलंय. तिसऱ्या वर्षी दोरा कुजून अर्धी चिक एका बाजूने खाली आली.

तरीही सांगते, बांबूतून झिरपणारं ऊन दुसऱ्या कशाला नाही. कोरड्या दिवसांपुरती ठेवणार असाल तर घ्या. पावसात नको.

वऱ्हाडी_ठेचा, १३ एप्रिल, सकाळी ११:३०

आमच्याकडे अकोल्यात यासाठी वाळ्याची ताटी लावतात. दोन वेळा पाणी मारायचं, वास काय, गारवा काय! एवढा खर्च कशाला करता?

ओळंबा, १३ एप्रिल, दुपारी १२:०५

भाऊ, तुमच्या अकोल्यात मे महिन्यात हवा इतकी कोरडी की ताटीवरचं पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. आमच्याकडे हवेतच एवढं पाणी की ताटी ओली ती ओलीच. वास येईल, गारवा नाही.

आता धागाकर्त्यासाठी. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, ब्लाइंड विकत नाही. आधी एवढंच ठरवा, ऊन जास्त खुपतंय की पाऊस? ‘दोन्ही’ हे उत्तर मला मान्य आहे, पण दोघांना लागणारं कापड वेगळं. उन्हाला जाळीचं कापड, ज्याला हे लोक मेश म्हणतात. त्यातून हवा खेळते, बाहेरचं दिसतं. पावसाला भरीव पीव्हीसी, ज्यातून थेंब येत नाही आणि हवाही येत नाही. जुलैत ते सगळीकडून पाडून बसलात की टेरेसचा कुकर होतो, वरून झोपाळ्याच्या लाकडाला बुरशी.

पण कापड ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याला चौरस मीटरमागे साधारण १७ किलो. तुमचा पडदा बारा बाय आठ फुटांचा धरला तर जवळपास ९ चौरस मीटर, म्हणजे दीडशे किलो. वारा ८० वर गेला की तेच २७० किलो. जाळीला भोकं आहेत म्हणून वारा आरपार जाईल असं समजू नका. ५ टक्के उघडीप म्हणजे ९५ टक्के कापडच आहे. हा सगळा भार शेवटी जातो तो चार-सहा स्क्रूंवर. तिन्ही विक्रेत्यांना विचारा, स्क्रू कशात मारणार? कापडाचा कॅटलॉग त्यानंतर उघडू द्या.

कोलशेतकर, १३ एप्रिल, दुपारी १२:४०

बापरे. कशात मारणार हे मी विचारलंच नाही. वर पीओपीचं सीलिंग आहे, बाजूच्या भिंतीचं माहीत नाही.

ओळंबा, १३ एप्रिल, दुपारी १:१५

पीओपीत मारला तर पहिल्याच वावटळीत सीलिंगसकट खाली. पीओपी कापून स्लॅबच्या बीममध्येच गेलं पाहिजे.

बाजूच्या भिंतीला बोटाच्या पेराने ठोकून बघा. घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या टॉवरमध्ये बहुतेक दोनच प्रकार. अॅल्युमिनियम शटरिंग लावून ओतलेली काँक्रीटची भिंत असेल तर आवाज ठणठणीत, साध्या ड्रिलने तुमचा हात दुखेल, भिंतीला काही होणार नाही. त्यात अँकर, म्हणजे भिंतीत रुतून भार धरणारा बोल्ट, मस्त बसतो. आवाज बद्द आला आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं, भुकटी पांढरी पिठासारखी पडली, तर ते हलके ब्लॉक, ज्यांना आपल्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. त्यात साधा प्लास्टिकचा प्लग दाढेतल्या कच्च्या सिमेंटसारखा निघून येतो. त्याला केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला) किंवा त्या ब्लॉकसाठीचेच खास अँकर लागतात.

आणि जमिनीत भोक पाडू देऊ नका. वायरवर वरखाली होणारे ब्लाइंड असतात, त्यांची वायर खाली फरशीत अडकवतात, तिथे वॉटरप्रूफिंग फुटलं की जुलैत दहाव्या मजल्यावरचे काका बेल वाजवतील.

सेक्रेटरी_नको_रे, १३ एप्रिल, दुपारी २:२०

काका नंतर, आधी सोसायटी. आमच्याकडे एकाने न विचारता निळी ताडपत्री लावली, दुसऱ्याने ती बघून पोपटी जाळी, मग वार्षिक सभेत चहा गार होईपर्यंत फक्त निळा आणि पोपटी. शेवटी ठराव झाला: करडा किंवा काळपट रंग, गुंडाळीची पेटी आणि ट्रॅक रेलिंगच्या आतल्या बाजूला, बाहेरच्या भिंतीला काही नाही. लेखी अर्ज द्या, सोबत कापडाचा तुकडा जोडा. गुंडाळता येणारा पडदा म्हटलं की समिती बहुधा कुरकुरत हो म्हणते. काच किंवा पत्र्याने कायमचं बंद केलंत तर ते वाढीव बांधकामात जातं, तिथे मग महापालिकाही येते.

खारघर_वारा, १३ एप्रिल, रात्री ९:४८

दोरीवाल्या पीव्हीसी पडद्याची माझी कहाणी. खारघर, सोळावा मजला. पडदा खाली सोडला की तळाचा लोखंडी पाइप दोन हुकांत अडकवायचा, एवढाच काय तो बंदोबस्त. १३ मे २०२४, दुपारी धुळीची ती वावटळ आली तेव्हा घरी फक्त मी. आकाश विटकरी झालं. पडदा एकदा फुगला, गोणी भरावी तसा, आणि उजवा हुक सुटला. मग तो पाइप रेलिंगवर आपटायला लागला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. धरायला गेलो तर दोन वेळा अंगठ्याजवळून गेला. शेवटी भाजीची सुरी आणून दोरी कापली आणि सगळा पडदा आतल्या बाजूला ओढून त्यावर बसून राहिलो. खाली मुलांचं खेळायचं मैदान आहे. तो पाइप तिथे गेला असता तर, हा विचार अजून येतो.

तेव्हापासून सातव्या-आठव्या मजल्याच्या वर मोकळ्या पाइपचा कुठलाही प्रकार मी कोणाला सुचवत नाही. पुढच्या वर्षी झिप लावलं. कापडाच्या दोन्ही कडांना चेन असते, ती बाजूच्या अॅल्युमिनियमच्या खाचेत धावते, म्हणून कड सुटत नाही. पण वारा जोरात सुटला की तेही वर घ्यायचं असतं. लोक ते विसरतात.

गच्चीवाली, १३ एप्रिल, रात्री १०:०५

सुरी घेऊन पडद्यावर बसलेले तुम्ही डोळ्यांसमोर आलात. सॉरी, पण हसले.

पामबीच_पहाटे, १४ एप्रिल, सकाळी ६:३२

माझं घर सीवूड्सला, पाम बीच रोडच्या आतल्या अंगाला. पश्चिमेला खाडी. हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो दिसतात, त्यामुळे समोर काही लावायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून मी पारदर्शक पीव्हीसी घेतलं आणि फसलो.

पहिलं वर्ष काचेसारखं. सप्टेंबरात एका संध्याकाळी पाऊस थांबला म्हणून ओलंच गुंडाळलं आणि आम्ही गावी गेलो. दसऱ्याला परत आलो. उलगडलं तर सगळं दुधाळ, जागोजागी चिकटलेलं, सोडवताना चर्रर आवाज, आणि शेवाळाचा वास. ते दूध गेलंच नाही. दुसऱ्या मेमध्ये पिवळसर झाक आली. फ्लेमिंगो आता मला काविळीत दिसतात. पारदर्शक घेणार असाल तर कोरडं झाल्याशिवाय गुंडाळायचं नाही, आणि त्याच्याजवळ शेगडी-बार्बेक्यू काही नाही.

दुसरं, स्टील. विक्रेता खिशातून लोहचुंबक काढतो, स्क्रूला लावतो, चिकटत नाही, मग म्हणतो, ‘बघा साहेब, एकदम प्युअर तीनशे चार ग्रेडचं स्टेनलेस.’ माझ्याकडेही असंच झालं. वर्षभरात प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखालून तपकिरी ओघळ. नंतर कळलं की स्वस्तातलं २०२ ग्रेडही चुंबकाला जवळपास चिकटत नाही. ती परीक्षाच चुकीची. खाडीच्या वाऱ्यात मीठ असतं, तिथे ३१६ ग्रेड मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते ओळखायला थेंब टाकून तपासायचं किट मिळतं. चार स्क्रूंसाठी कोण आणणार म्हणा, पण ‘किट आणतो’ म्हटल्यावर माझ्या दुसऱ्या विक्रेत्याने गपचूप स्क्रू बदलले.

ओळंबा, १४ एप्रिल, सकाळी ९:१०

चुंबकाबद्दल +१००. भर घालतो. जाळीचं असो की पीव्हीसी, कापडाचं वजन ‘जीएसएम’मध्ये सांगतात, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. नमुना मागून घ्या, मोजून १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि ओळखीच्या सोनाराकडे तोलून आणा. जेवढे ग्रॅम भरतील त्याला शंभरने गुणा. ६५० सांगितलं आणि तराजूत साडेचार ग्रॅम भरले, तर विक्रेत्याशी पुढचं बोलणं सोपं जातं.

उत्तरायण, १४ एप्रिल, सकाळी ११:२६

आकाशनिरीक्षण हा माझा छंद, म्हणून जरा वेगळ्या बाजूने. कोलशेतकर, उत्तरेच्या सहा फुटांकडे दुर्लक्ष करू नका. सगळ्यांना वाटतं उत्तरेला ऊन नसतं. आपण साधारण १९ अंश अक्षांशावर. मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो आणि मावळतो तो पश्चिमेच्या उत्तरेला सरकून, २१ जूनला तर जवळपास २५ अंश. म्हणजे एप्रिल-मेच्या संध्याकाळी तुम्ही पश्चिम झाकलीत की उत्तरेच्या तोंडातून एक तिरीप तिरकी आत शिरेल. नेमकी झोपाळ्यावर पडते का ते आज साडेपाचला बघा.

डिसेंबरात उलट. सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला सरकून मावळतो, तुमची दक्षिणेची भिंत थोडी सावली देते आणि उत्तरेच्या तोंडातून ऊन येत नाही. त्यामुळे हिवाळ्यात उत्तरेचं ब्लाइंड गुंडाळूनच राहील.

पाऊस मात्र पावसाळाभर नैर्ऋत्य-पश्चिमेकडूनच मारतो, उत्तरेच्या तोंडाला क्वचित. परतीचा विजांचा पाऊस घाटाकडून, पूर्वेकडून येतो, तो तुमच्या वाट्याला नाही.

कोलशेतकर, १४ एप्रिल, संध्याकाळी ६:०२

पडते. नेमकी झोपाळ्यावर पडते. आईच्या चष्म्यावर.

म्हणजे उत्तरेला फक्त ऊन, पश्चिमेला ऊन-पाऊस दोन्ही. हे डोक्यातच आलं नव्हतं, मी दोन्हीकडे एकच प्रकार लावणार होतो.

मीठभाकर, १४ एप्रिल, रात्री ८:१५

रंगाबद्दल कोणी बोललं नाही. वहिनींना सांगा, जाळीत पांढरा रंग उन्हात स्वतःच चमकतो, समोर ट्यूबलाइट लावल्यासारखं होतं, डोळे दिपतात आणि पलीकडचं दिसत नाही. गडद करडा किंवा काळा घेतला की येऊर स्पष्ट दिसेल. गडद कापड तापतं हे खरं, पण ते हॉलच्या काचेच्या बाहेर तापतंय, ती उष्णता वारा घेऊन जातो. घराच्या आतला पडदा तापला तर ती घरातच राहते. फरक तिथे आहे. दोन रंगांचे नमुने आणा आणि साडेचारला टेरेसवर धरून बघा, कोणाला समजवावं लागणार नाही.

आणखी एक. दिवसा बाहेरच्यांना आतलं दिसत नाही म्हणून खूश होऊ नका. रात्री दिवा लावला की उलटं, समोरच्या बिल्डिंगला तुमचं जेवणाचं ताटही दिसतं.

खारघर_वारा, १४ एप्रिल, रात्री ८:४०

जाळीने पाऊस अडत नाही, हे मात्र लिहून ठेवा. विक्रेते सरळ खोटं बोलतात.

मीठभाकर, १४ एप्रिल, रात्री ८:५२

अडत नाही, तुटतो. थेंब फुटून तुषार होतात, बराचसा जाळीवरूनच खाली ओघळतो. माझ्याकडे ऐरोलीला चौथ्या मजल्यावर ३ टक्के उघडिपीची आहे, पावसात खुर्ची दीड-दोन फूट आत ओढून चहा पितो.

खारघर_वारा, १४ एप्रिल, रात्री ९:०३

तुमचा चौथा मजला. सोळाव्यावर या, तुषारांनी आंघोळ घालतो.

ओळंबा, १४ एप्रिल, रात्री ९:३०

दोघंही खरं बोलताय, मजले वेगळे. कोलशेतकर मधे लोंबकळतायत, अकराव्यावर.

मी असतो तर पश्चिमेला एक बारा फुटी करण्याऐवजी सहा-सहाचे दोन केले असते, मधे एक उभा ट्रॅक. भार वाटला जातो, कापड गुंडाळायची नळी लांबीमुळे मधून झोल खात नाही, आणि पाऊस एका अंगाने मारत असेल तर दुसरा अर्धा उघडा ठेवता येतो. माप घेताना रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी घ्यायला लावा आणि दोन्ही कडांना ओळंबा सोडा. आपल्या बिल्डरांच्या भिंती काटकोनात असतीलच असं नाही. अर्धा इंच फरक असला की झिप खाचेत अडकते, मग हँडल फिरवताना कापड एका बाजूने चढतं.

टोपलीतली_आजी, १४ एप्रिल, रात्री १०:११

वरची गुंडाळी पेटीत बंद असू द्या, उघडी नको. माझ्या लेकीकडे वाशीला उघड्या गुंडाळीवर कबुतरानं चार काड्या ठेवल्या, दुसऱ्या दिवशी अंडी. पिल्लं उडेपर्यंत दीड-दोन महिने पडदा खाली सोडायची सोय नाही. जावईबापू उन्हात पेपर वाचत बसायचे.

कोलशेतकर, ९ मे, रात्री ९:२०

लावले एकदाचे. थोडक्यात: पश्चिमेला झिप ट्रॅकचे सहा-सहा फुटांचे दोन, गडद करडी जाळी, ३ टक्के, पेटीसकट. मोटर न घेता हातानं फिरवायचं हँडल घेतलं. वावटळीत पहिली वीज जाते, तेव्हा रिमोट घेऊन काय करू? भिंत ठोकली तर डावी ठणठणीत, उजवी बद्द. उजवीकडे केमिकल अँकर टाकायला लावले. कारागीर म्हणाला, साहेब एवढं कोणी करत नाही. अर्ज, तुकडा, सही, सगळं झालं. सोनार हसला, पण ५२० सांगितलेल्या कापडाचा तुकडा ५.१ ग्रॅम भरला. चालवून घेतलं.

उत्तरेला साधी बांबूची चिक, मेपुरती. ७ जूनला काढून, उन्हात वाळवून माळ्यावर. गच्चीवालींना स्मरून.

साडेचारला टेरेसवर बसून हे टाइप करायला घेतलं होतं. टाइल्सवर पाय ठेवता येतोय.

गच्चीवाली, ९ मे, रात्री ९:४१

फोटो?

कोलशेतकर, १८ जुलै, सकाळी ७:५५

पावसाळी अपडेट, कारण व्यक्तिगत निरोपातून चौघांनी विचारलं.

खारघर_वारा आणि मीठभाकर, दोघांचंही अर्धं-अर्धं खरं ठरलं. साधा पाऊस जाळीवरच संपतो. गेल्या आठवड्यात रात्री जोराचा आला तेव्हा दोन फुटांपर्यंत तुषार होते, झोपाळा तेवढा आत सरकवून घेतला. त्याच रात्री वारा वाढल्यावर दोन्ही ब्लाइंड वर घेतले, टेरेस भिजली ती भिजली.

घोळ वेगळाच निघाला. जाळीवरून ओघळलेलं पाणी खालच्या पट्टीवरून आतल्या बाजूला टपकतं, आणि आमच्या टेरेसचा उतार पाणी वाहून जायच्या जाळीकडे असायला हवा तो एका कोपऱ्यात हॉलकडे आहे! आधी पाऊस सगळीकडून यायचा म्हणून कधी लक्षात आलं नाही. आता पाणी एका रेषेत पडतं, दाराशी येऊन थांबतं. सध्या जुना टॉवेल घालतोय. पाऊस संपला की दाराला ग्रॅनाइटचा इंचभर उंबरा बसवायचा विचार आहे.

ओळंबा, १८ जुलै, सकाळी ८:३०

उंबऱ्याने पाणी हॉलमध्ये येणार नाही, पण तिथेच साचून राहील. दिवाळीनंतर तेवढ्या तीन-चार टाइल्स काढून उतारच नीट करून घ्या. ब्लाइंड लावायच्या आधी फरशीवर बादलीभर पाणी ओतून बघा, हे सांगायला मीच विसरलो.

झिपच्या खाचा महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. तेल-ग्रीस नको, धूळ धरतं.

पामबीच_पहाटे, १८ जुलै, सकाळी ८:४४

आणि चिक माळ्यावर टाकण्यापूर्वी खरंच कोरडी होती ना? एकदा काढून बघा बरं.

कोलशेतकर, १८ जुलै, रात्री ८:१०

बघितली. एक ठिपका आहे. व्हिनेगर शोधतोय.